बासष्ट नंबरचा कागद

कुलूप लागताना आधी कडी सरकल्याचा आवाज यायचा, मग खट्. आमचे हे दोनदा ओढून बघायचे, नीट लागलंय का, आणि मग जिन्याच्या लोखंडी पायऱ्या वाजायला लागायच्या. मी आत पोरीला मांडीवर घेऊन पायऱ्या मोजायचे. एकवीस होत्या. एकविसावी वाजली की मला दम लागायचा. काम काही केलेलं नसायचं, नुसती बसलेली असायचे, तरी लांबून पळत आल्यासारखा श्वास वर वर यायचा, आणि मी खिडकीपाशी जाऊन गजांना तोंड लावून हवा घ्यायचे. डिसेंबरात तिथं हवा म्हणजे धुकंच. तोंडात गेलं की लोखंडाची चव यायची. अजून माझा दम तसाच आहे. आता कुलूप नाही काही नाही, तरी लिफ्टचं दार बंद झालं की मी दुर्वाचा हात घट्ट धरते आणि ती म्हणते, "मम्मी, दर्द हो रहा है." दुसरीत आहे ती आता. माझं मराठी सगळं कळतं तिला, उत्तर मात्र हिंदीत देते.

सव्विसाव्या वर्षी कुणी आपल्या आठवणी लिहीत नाही, मला माहितीये. नववीपर्यंत शिकलेल्या बाईनं तर नाहीच. पण तेव्हाची माझी शेजारीण मृणालताई म्हणाली लिही, जशी बोलतेस तशी लिही, आणि मलाही वाटलं की ते एक वर्ष कुठंतरी उतरवून ठेवावं, नाहीतर मलाच पुढं खोटं वाटेल.

आम्ही सांगताना चंडीगड सांगायचो, पण खोली होती मोहालीच्या कडेला, नॉलेज सिटी म्हणून शिक्षणसंस्थांची वसाहत आहे तिच्या मागच्या अंगाला. एका कोठीच्या, म्हणजे बंगल्याच्या, वरच्या मजल्यावर मागची एक खोली, तिच्यातच ओटा, आणि मागं एक हातभर रुंद बाल्कनी. खाली घरमालकीण, आम्ही त्यांना आंटीजी म्हणायचो. गुडघ्यांनी अधू, त्या कधी वर यायच्या नाहीत. हे डेराबस्सीला औषधाच्या कारखान्यात, सकाळी साडेसहाची कंपनीची बस, संध्याकाळी सहाला परत. मधले बारा तास मी आणि दुर्वा.

आता कुलूप का, तर त्याचं कारण मीच. लग्न होऊन जुन्नरकडच्या आमच्या गावातनं थेट तिथं आले. पोटुशी होते, सहावा महिना, आणि एक दिवस दूध आणायला म्हणून उतरले. डावीकडं गेले, मग एक चौक आला, गोल, मधे फुलं. पुढं गेले तर परत तसाच चौक, तशीच फुलं. घरं पण सगळी एकसारखी, तेच फाटक, तीच कुंडी, त्याच रंगाची भिंत. हिंदी मला चार शब्दांपुरतंच यायचं. विचारायचं म्हणलं तर जीभ टाळ्याला चिकटायची. ह्यांना कुणीतरी फोन केला म्हणून ते अर्ध्या दिवसाची रजा टाकून आले आणि संध्याकाळी मी त्यांना एका बागेच्या बाकावर सापडले, दुधाची पिशवी फुटलेली, साडी भिजलेली. ओरडले नाहीत. रडले. तिथंच बाकावर बसून रडले. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्यांदा खट् वाजलं. म्हणाले, "चार दिवस. तुला जरा सवय होईपर्यंत." सासूबाई गावाहून फोनवर म्हणाल्या, बरं केलंस, पोरगी भोळी आहे. मग दुर्वा झाली, आणि चार दिवसांचं वर्ष झालं. वाईट माणूस नव्हता हो. तेवीस वर्षांचा होता आणि घाबरलेला होता. दोघंही घाबरलेले, आणि किल्ली एकाकडं.

मी कुणाला सांगितलं नव्हतं. लाज वाटायची. जिना मागच्या बाजूनं होता, कुलूप रस्त्यावरनं दिसायचं नाही. आंटीजी खालून हाक मारायच्या, "कुड़े, धुप्प आई है, नीचे आ जा," म्हणजे पोरी, ऊन आलंय, खाली ये, तर मी वरनं म्हणायचे, बच्ची सो रही है. कधी म्हणायचे दूध गॅस पे है. त्या दोरीला बांधून साग, म्हणजे मोहरीच्या पाल्याची भाजी, पाठवायच्या डब्यात, सोबत मक्याच्या पिठाच्या रोट्या. मी तेच पीठ मागवून त्याच्या भाकरी करायचा प्रयत्न करायचे. थापता थापता फुटायची, तव्यावर नकाशा व्हायचा नुसता. हे मुकाट्यानं खायचे.

आमच्या बाल्कनीला लागून पलीकडच्या कोठीची बाल्कनी, मधे लोखंडी जाळी. तिथं मृणालताई राहायला आली. नागपूरची. नॉलेज सिटीतल्या संस्थेत पीएचडी करत होती. पहिल्या दिवशी मी दुर्वाला अंगाई म्हणत होते, तर जाळीतनं आवाज आला, "अरे बापा! मराठी?" मला इतकं रडू आलं की तीच घाबरली. मग रोज सकाळी जाळीपाशी. ती दात घासत उभी राहायची आणि तोंडात फेस घेऊन बोलायची.

ती काय शिकते ते मी खूप दिवस विचारलंच नाही, आपल्याला काय कळणार म्हणून. तिनंच सांगितलं. आकाशात रेडिओनं बघतात, त्याच्यासाठी मोठमोठ्या ताटल्या असतात. मी म्हणलं, ताटल्या? आमच्या शेतातनं दिसतात की! जुन्नरकडं गेलं की ह्या उभ्या, पांढऱ्या, आभाळाकडं तोंड करून. आम्ही लहानपणी म्हणायचो देवाचं जेवण झालं की धुवायला इथं ठेवतात. ताई हसून हसून जाळीला टेकली. "अगं, त्याच! त्यांचाच डेटा आहे माझ्याकडे. तू तर माझ्यापेक्षा जवळची निघाली."

तिचं काम होतं सगळ्यात लांबच्या आकाशगंगा शोधायचं. विश्व अगदी तान्हं होतं तेव्हाच्या. मी म्हणलं, तेव्हाच्या आत्ता कशा दिसतील? तर ती म्हणाली, तिकडून निघालेलं आत्ता पोचतंय. ते मला पटकन कळलं, कारण आईनं दिवाळीला पाठवलेला फराळ मला जानेवारीत मिळाला होता, आणि चकल्या बघून मला कळलं की दिवाळीत तिचा हात बरा होता. आत्ता कसा आहे ते त्या चकल्या कुठं सांगणार. ताईला मी हे सांगितलं तर ती ब्रश तोंडात तसाच ठेवून माझ्याकडं बघत राहिली.

ह्या गंगा रेडिओत फार जोरात असतात, त्यातही जाड आवाजात जास्त, बारीक आवाजात एकदम मंद. तसे ठिपके तिनं मशिनवर निवडून ठेवले होते, दोनशेच्या वर. आता प्रत्येकाचे दोन फोटो बघायचे. डावीकडं रेडिओचा, त्यात मधोमध डाग. उजवीकडं साध्या मोठ्या दुर्बिणीचा, त्याच जागेचा, उलटा छापलेला, म्हणजे आभाळ पांढरं आणि तारे काळे. डावीकडं डाग आहे आणि उजवीकडं बरोबर त्याच जागी काहीच नाही, असं असेल तर ते फार लांब असू शकतं. इतकं लांब की साध्या दुर्बिणीला दिसतच नाही. "असू शकतं," ती म्हणायची, "पक्कं नाही. नुसतं धुळीनं झाकलेलं पण असू शकतं. पण सुरुवात इथून."

हे दोघांनी वेगवेगळं बघायचं असतं. तिची जोडीदार मैत्रीण आईच्या ऑपरेशनसाठी घरी गेली होती. ताई म्हणाली, "शीतल, तू बघशील? मी सरांना विचारलंय, ते हो म्हणाले. मला ना, आता जिथंतिथं रिकामंच दिसून राहिलंय, कारण मला तसंच पाहिजे. तुला काही पाहिजे नाही, म्हणून तुझे डोळे चांगले."

मला काही पाहिजे नव्हतं हे तिनं किती सहज म्हणलं.

कागद जाळीतनं आत आले, गुंडाळी करून. कोपऱ्यात नंबर. मी एका वहीत लिहायचं, 'आहे' किंवा 'नाही', बाकी काही नाही. नियम असा की दोघींचं 'नाही' जुळलं तरच तो नंबर यादीत, आणि यादीतले तेवढेच पुढं मोठ्या दुर्बिणीकडं पाठवायचे, तिकडं वेळ फार थोडा मिळतो म्हणून. एकमेकीचं बघून बदलायचं नाही. बदललं तर दुसऱ्या डोळ्याचा उपयोग काय.

ते पंधरा दिवस मी कधी विसरणार नाही. खट् झालं, एकवीस पायऱ्या वाजल्या, की मी दुर्वाला आंघोळ घालायचे, शेकायचे, काजळाची तीट लावायचे, गालावर एक आणि पायाच्या तळव्याला एक, आणि ती झोपली की जमिनीवर कागद पसरायचे. दम लागायचा नाही. खोली तीच, गज तेच, पण मी खाली वाकून एवढं लांब बघत असायचे की भिंत कुठं आहे ते लक्षात राहायचं नाही. पापणी न हलवता बघायचे. कुठं एवढासा करडा पुसटपणा असला तरी 'आहे'. ह्यांना मी सांगितलं नव्हतं. ते यायच्या आधी कागद गादीखाली. म्हणजे बघा, चांगलं काम करत होते तरी चोरी केल्यासारखं लपवत होते. का, ते आजही सांगता येणार नाही. वाटायचं विचारलं तर नाही म्हणतील, आणि नाही म्हणाले तर ते पण कुलपासारखं लागेल.

शेवटच्या दिवशी सकाळी मी वही जाळीतनं दिली. ताईनं आपल्या यादीशी लावून बघितली, बोट फिरवत, आणि एका जागी थांबून म्हणाली, "अरे यार. बासष्ट गेला."

"का? काय चुकलं?"

"चुकलं नाही गं. मला तिथं काहीच नव्हतं दिसलं. तू 'आहे' लिहिलंस. सगळ्यात जास्त आशा त्याच्यावरच होती माझी."

"मग खोडू?"

"अजिबात नाही. तुला दिसलं म्हणजे असेल काहीतरी, माझे डोळे शिणले. नियम म्हणजे नियम." ती हसली, पण ते हसू मला ओळखू येत होतं, मी आंटीजींना दूध गॅसवर आहे म्हणून सांगताना तसंच हसायचे. "चार वाजता सर यादी पाठवतील. मग मी झोपणार, दोन दिवस." आणि ती गेली.

दुपारी कागद परत द्यायचे म्हणून मी गोळा करायला बसले. दुर्वा नुकतीच रांगायला लागलेली, ती गठ्ठ्यावर येऊन पालथी पडली, गाल कागदाला लावून. उचललं तर कागदावर काळा ठिपका. गालावरची तीट उठलेली. बारीक, मधे गडद, कडेला करडा, हुबेहूब. मी बघतच राहिले. तो तिटेचा आहे हे मला माहीत नसतं तर शपथ घेऊन 'आहे' लिहिलं असतं.

असाच एखादा ठिपका मी आधी खरा धरला असेल तर? मी 'आहे'वाले सगळे कागद वेगळे काढले आणि एकेक ठिपक्यावर ओढणीचं टोक फिरवायला लागले. छापलेली शाई पुसत नाही, काजळ पुसतं. एक, दोन, दहा, वीस, काही होईना, मला हायसं वाटत होतं. बासष्टवर टोक फिरवलं आणि ठिपका लांबला. शेपटी आल्यासारखा. परत पुसलं. खाली पांढरं. स्वच्छ पांढरं, काहीच नाही.

घड्याळात अडीच वाजून गेलेले. फोन एकच, ह्यांच्या खिशात. माझा दुर्वानं बादलीत टाकला होता, नवा घेऊ घेऊ करत राहिला होता. ताईची खोली बंद. मी दाराजवळ गेले, हलवून बघितलं, जसं काही आज उघडंच राहिलं असेल. मग जाळीपाशी. मग परत दाराशी. दम इतका लागला की डोळ्यापुढं अंधारी. एक मन म्हणत होतं, गप्प बस, एक ठिपका गेला तर काय, दोनशेतला एक, कुणाला कळणार आहे. ओरडलीस तर आंटीजी वर येतील, कुलूप बघतील, सगळ्या गल्लीत होईल, ह्यांची मान खाली जाईल, आणि तुझी रवानगी गावाला. आणि दुसरं मन काहीच म्हणत नव्हतं, ते नुसतं त्या पांढऱ्या जागेकडं बघत होतं. एवढ्या लांबून काहीतरी निघालं, कशालाही न अडता इथपर्यंत आलं, आणि माझ्या पोरीच्या तिटेखाली अडकलं.

मी खिडकीचे गज धरले आणि ओरडले. "आंटीजी! आंटीजी! फोन!" माझा आवाज मलाच ओळखू येईना. दुर्वा भोकाड पसरून रडायला लागली. समोरच्या गच्च्यांवर उन्हात बसलेल्या बायका उठून उभ्या राहिल्या. "आंटीजी! फोन लेके आओ!"

त्या गुडघ्यांनी आंटीजी एकवीस पायऱ्या चढल्या. एकेक पायरी आणि एकेक "हाय रब्बा". दाराशी आल्या. "नी कुड़े, की होया? बच्ची ठीक ए? खोल!"

"आंटीजी, बाहर से है."

 मग कुलूप हातात घेतल्याचा आवाज. "एह ताला किने लाया?"

"उन्होंने. आंटीजी, पहले फोन."

"चाबी कित्थे?"

"उनके पास. आंटीजी, पाँव पडती हूँ, पहले फोन लगाओ, चार बजे से पहले."

"मैं ताला तोड़दी आं, तू फोन नूं रोंदी एं!"

"ताला रहने दो! बासष्ट बोलना है!"

ताईचा नंबर गठ्ठ्याच्या पहिल्या कागदावर होता. मी एकेक आकडा वाचला, त्यांनी लावला आणि फोन दाराच्या फटीशी खाली धरला. मी जमिनीवर पालथी पडून बोलले, गाल फरशीला लावून.

"ताई, मी शीतल. बासष्टमध्ये काही नाहीये."

"काय? कुठून बोलून राहिली तू?"

"काजळ होतं ते. दुर्वाच्या गालाचं. पुसलं, खाली काही नाही. मी बदलत नाहीये ताई, मला दिसलं तेच सांगतेय, तिथं काहीच नाही."

पलीकडं कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "पक्का?"

"पक्का. तुमच्या सरांना सांगा, कागद ठेवलाय मी, डाग दाखवते."

"थांब, जाते मी सरांकडे," म्हणत ती उठल्याचा आवाज आला, खुर्ची सरकल्याचा, आणि तेवढ्यात आंटीजींनी फोन तोंडाशी नेऊन सांगूनच टाकलं, "ओ बेटा, एह कुड़ी अंदर बंद है! बाहरों ताला!"

कुलूप त्यांना मी तोडू दिलं नाही. म्हणलं, ते आल्यावर. मग त्या खाली गेल्याच नाहीत. शाल गुंडाळून वरच्या पायरीवर बसल्या, तीन तास, दाराला पाठ लावून. आतून मीही दाराला पाठ लावून. मधे एकदा म्हणाल्या, "साग बनाके भेजती थी मैं, और तू कैदी थी." मी म्हणलं, "साग बहुत अच्छा था जी." त्या हसल्या का रडल्या ते दारातनं कळलं नाही.

सहाला हे आले. पायऱ्या नेहमीसारख्या वाजत आल्या आणि मधेच थांबल्या. आंटीजी ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "पुत्तर, मेरे घर में ताला अंदर से लगता है."

"आंटीजी, इसको यहाँ का कुछ समझता नहीं. खो जाती है."

"खो जाएगी तो पूछ लेगी. मुँह नहीं है इसके? आज पूरी गली ने सुना है."

ह्यांना किल्ली लवकर लावता येईना. आत आले आणि बुटांसकट खाली बसले. दुर्वाला चाचपून बघितलं. मग मला म्हणाले, "तू ओरडलीस? मला खाली लोकांनी सांगितलं. मला वाटलं दुर्वा गेली."

"नाही. बासष्टसाठी ओरडले."

मी गादीखालचे कागद काढले, सगळं सांगितलं. मारतील असं वाटत होतं, खोटं कशाला बोलू, त्यांनी कधी हात उगारला नव्हता तरी वाटत होतं. त्यांनी कागद दिव्याखाली धरला. बराच वेळ बघत होते. "इथं तर काहीच नाही," म्हणाले. मी म्हणलं, "तेच."

बासष्ट यादीत गेला. दीड वर्षानं ताईनं सांगितलं की मोठ्या दुर्बिणीनं बघितलेल्यातले बरेच नुसते धुळीत झाकलेले निघाले, पण बासष्ट खरंच लांबचा आहे, त्याचा उजेड बारा अब्ज वर्षांपूर्वी निघालाय. मला अब्जावर किती शून्य ते ह्यांना विचारावं लागलं. त्यांनी कॅलेंडरच्या मागं लिहून दाखवले.

पण मला सांगायचंय ते दुसऱ्या दिवशीचं. सकाळी दार ओढल्याचा आवाज आला, आणि मग पायऱ्या. मधे काही नाही. मी उठून बघितलं, दार ढकललं की उघडत होतं. मी परत लावून घेतलं आणि आत बसले. तिसऱ्या दिवशी तेच, चौथ्या दिवशी तेच. उघड्या दाराच्या आत मी आठ दिवस बसून राहिले आणि दम मात्र रोज त्याच वेळी लागत होता. ताई म्हणाली चल, आंटीजी म्हणाल्या चल, मी म्हणायचे उद्या. नवव्या दिवशी, कुणी काही म्हणलं नसताना, दुर्वाला कडेवर घेतलं, शाल गुंडाळली आणि उतरले. डावीकडं गेले. चौक आला, गोल, फुलं. पुढं गेले. परत चौक.

मला कळलं की हरवलेय. तीच फाटकं, त्याच कुंड्या.  एका गाड्यावर एक बाई मटार विकत होती. मी तिच्यासमोर उभी राहिले, तोंड उघडलं, आवाज येईना, परत उघडलं.

"बहनजी, घर... मेरा घर कहाँ है?"

"कोठी नंबर?"

नंबर मला माहितीच नव्हता. दीड वर्ष त्या घरात राहिले होते, बाहेरून कधी वाचलाच नव्हता. दोनशे कागदांचे नंबर पाठ होते. मी म्हणलं, "वो आंटीजी का घर. घुटने वाली आंटीजी."

बाईनं माझ्याकडं नीट बघितलं. दुर्वाकडं बघितलं. मटाराची मूठ तशीच हातात.

"तू वही है क्या, जो उस दिन चिल्लाई थी?"

मी मान खाली घालणार होते. सवयीनं खाली जायलाच लागली होती.

"हाँ जी," मी म्हणलं, "वही."